दारूवरचा सिनेमा

४ ऑक्टोबर, मुकहो

ही वही ह्योनजूने हातात ठेवली. ह्योनजू म्हणजे माझ्या सिनेमाची कॅमेरावाली, निर्माती, हिशेबनीस आणि ड्रायव्हर. म्हणाली, "सर, तुम्ही संध्याकाळी एक ठरवता आणि सकाळी म्हणता, असं ठरलंच नव्हतं. लिहून ठेवत जा."

मी म्हटलं, मोठे दिग्दर्शक असेच असतात.

"मोठ्या दिग्दर्शकांकडे लिहून घ्यायला माणसं असतात," ती म्हणाली. "आपल्याकडे वही आहे."

तर मी मा तेसोक, चाळिशी ओलांडलेला, आणि हा माझा पहिला सिनेमा. आजवर दुसऱ्यांच्या सिनेमांत साहाय्यक म्हणून खुर्च्या उचलल्या आणि सोलमध्ये लग्नांचे व्हिडिओ काढले. बरीचशी लग्नं पुढे मोडली, पण व्हिडिओ चांगले होते.

सिनेमा आमच्या बाबांवर आहे. बाबा म्हाकुळ, म्हणजे स्क्विड, पकडणाऱ्या होडीवर जायचे आणि होडी किनाऱ्याला असली की प्यायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं घर इथेच मुकहोच्या टेकडीवर, दीपगृहाच्या खाली. तिथे गाडी चढत नाही. बंदरावर गाडी लावायची आणि सामान पाठीवर घेऊन पायऱ्या चढायच्या. अर्ध्या वाटेत साउंडवाला बसला आणि म्हणाला, "तुमचे बाबा पिऊन हे रोज चढायचे? मग सिनेमा त्यांच्या फुप्फुसांवर काढा."

घर आता इनजाताईचं आहे. बाबांच्या अंत्यविधीपासून ताई माझ्याशी बोललेली नाही. तिचं बंदरावर सुपाचं दुकान आहे. गोम्ची माशाचं, आंबट किमची घातलेलं सूप. आदल्या रात्री जास्त झालेले कोळी सकाळी तिथे उताऱ्याला येतात. बापाने दारू प्यायली, मुलीने उताऱ्याचं दुकान टाकलं, मुलगा सिनेमा काढतोय. बाबांचा एक थेंब आम्ही वाया जाऊ दिला नाही.

ताई मासे धूत होती. मान वर केली नाही.

"घर हवंय म्हणे."

"थोडे दिवस, ताई."

"घरात बाटली आणायची नाही. रिकामीसुद्धा."

"ताई, सिनेमाच दारूवर आहे."

"मग चहावर काढ."

शेवटी ह्योनजूने तोडगा काढला. शूटिंगच्या बाटल्या ताई स्वतः सकाळी नळाच्या पाण्याने भरून देणार. म्हणजे माझ्या सिनेमाची दारू माझी बहीण भरणार आणि तीही माझ्यावर विश्वास नाही म्हणून. मला वाईट वाटलं. खाली बंदरावर जाऊन थोडी घेतली. घरात नाही घेतली, हे नमूद करतो.

५ ऑक्टोबर

मुहूर्त झाला. डुकराचं डोकं, फळं, तांदळाची पांढरी दारू, सगळं रीतसर. बाबांचं काम करणारे योम गिलसूकाका आले. टीव्हीवरच्या मालिकांत त्यांनी आयुष्यभर प्रेतं, पोलिसपाटील आणि दारुडे केले आहेत. आपल्याला परवडले कारण सध्या प्रेतांची कामं तरुण मुलं स्वस्तात करतात.

काकांनी डोक्यासमोर वाकून नमस्कार केला, वाटी हातात घेतली आणि दारू जमिनीवर ओतली. प्यायले नाहीत. मुहूर्ताची वाटी कोणी प्यायली नाही तर सिनेमा आपटतो असं म्हणतात, म्हणून त्यांच्या वाटणीची मी प्यायलो. मग साउंडवाल्याची. त्याला आम्लपित्त आहे.

७ ऑक्टोबर

काकांना दारुडा जमत नाही. भिंतीला धरतात, उचकी देतात, जीभ जड करतात. अगदी मालिकेतला दारुडा. मी म्हटलं, "काका, खरा पिणारा असा नसतो. तो जास्तीत जास्त सरळ चालतो."

"करून दाखव," ते म्हणाले.

मी दाखवलं. युनिट एकदम शांत झालं. ह्योनजू जमिनीकडे बघत होती. माझ्यात नट दडलाय हे आज लक्षात आलं.

काका फार बारीक प्रश्न विचारतात. पहिल्या घोटानंतर हात कुठे ठेवायचा. कोणी ओतायला आलं की नको कसं म्हणायचं. खोटं बोलताना डोळे कुठे असतात. मी सगळं सांगितलं. वडिलांचं निरीक्षण लहानपणापासून केलं ते आता कामी येतंय. दुपारी मी बंदरावर लोकांचा अभ्यास करायला जातो तेव्हा काकाही सोबत येतात, जवाचा चहा घेऊन समोर बसतात आणि माझ्याकडे बघत राहतात. या वयातला नट माझ्याकडून शिकतोय, याचा मला अभिमान वाटतो.

८ ऑक्टोबर

वारा. शूटिंग रद्द. थंडीमुळे थोडी घेतली.

१० ऑक्टोबर

आज जमलं.

प्रसंग असा: मुलगी जेवण झाकून वाट बघत बसलीय आणि बाप येतो. मुलीचं काम सेबोम करते, जवळच्या कांगनुंग शहरातल्या नाटकमंडळीतली. काका आत आले. भिंत नाही, उचकी नाही. उंबऱ्याशी वाकून चपला जोडीने लावल्या, टोकं दाराकडे. एक चप्पल जराशी वाकडी राहिली तर पुन्हा वाकून सरळ केली. मग कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "मी घेतलेली नाही." सेबोमने बाटली पुढे केली तर पेल्यावर तळहात ठेवला, हसले आणि मग हळूच तळहात काढून घेतला. आमटीची तारीफ केली. पुन्हा केली. स्वतःच्याच विनोदाला हसले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "हेच. हेच माझे बाबा."

ताई बाटल्या घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "बाबांनी जन्मात कधी चपला लावल्या नाहीत. भिरकावायचे. एक आत, एक शेजाऱ्याच्या कौलांवर."

ताई फार लवकर म्हातारी होतेय, तिला आठवत नाही. मी त्यांच्यासोबत वाढलोय. चपला जोडीने लावणं आमच्या रक्तातच आहे, मी स्वतः तशाच लावतो.

११ ऑक्टोबर

ताईने संहिता मागितली. दुकानात, दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर, चष्मा लावून पूर्ण वाचली. मी समोर बसून मुळ्याचं लोणचं खात होतो. शेवटच्या पानावर ती थांबली. तिथे बाप अंथरुणावर आहे, मुलगा सोलहून धावत येतो, हात हातात घेतो, बाप डोळे मिटतो. लिहिताना मी रडलो होतो.

"यात तू वेळेवर आलायस," ताई म्हणाली.

"ताई, सिनेमा आहे."

"हो. म्हणूनच."

"मी कामात अडकलो होतो. तुला माहीत आहे."

"मी कुठे काय म्हटलं?" तिने पानं एकत्र केली, टेबलावर आपटून सारखी केली आणि परत दिली. "मुलीला एकही चांगलं वाक्य नाही यात. नुसती भांडी घासते."

"तू घासायचीसच."

"घासताना बोलायचे मी, तेसोक. तू ऐकायला नव्हतास."

हे टोमणे सहन करूनच कलाकार घडतो. संध्याकाळी घडत होतो.

१३ ऑक्टोबर

काल काय शूट झालं ते नीट आठवत नाही. म्हणजे विशेष काही झालं नसावं.

ह्योनजू म्हणते, रविवार महत्त्वाचा आहे. बापाच्या साठीच्या जेवणाचा प्रसंग. त्यासाठी बंदरावरची सगळी म्हातारी मंडळी ठेवणीतले कपडे घालून टेकडी चढून येणार आहेत आणि पुन्हा चढणार नाहीत असं त्यांनी आधीच बजावलंय. एकाच दुपारी उरकायचं. ह्योनजूने मला तीनदा बजावलं, तेही चारचौघांसमोर. मी म्हटलं, "बाळ, मी सिनेमाचा दिग्दर्शक आहे, पाहुणा नाही."

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

मला ताप होता. असं मी ठरवलंय.

शनिवारी होडीवाल्यांसोबत थोडा अभ्यास केला. रविवारच्या प्रसंगाचं दडपण होतं, सकाळी ते घालवायला थोडंसं. त्यानंतरचं एकदम आठवतं ते सार्वजनिक न्हाणीघरातलं. गरम फरशीवर पडलो होतो, अंगावर टॉवेल. काउंटरवरच्या बाईला विचारलं, मी इथे कसा?

"तुमचे वडील सोडून गेले."

"माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली."

"मग दुसरे कोणी असतील," ती म्हणाली. "तिकीट मात्र त्यांनीच काढलं."

धावत टेकडी चढलो. टेबलं उचललेली, साउंडवाला वायरी गुंडाळतोय. माझ्याशिवाय शूटिंग उरकलं. मी ह्योनजूला बोललो, बरंच बोललो. विश्वासघात हा शब्द वापरला. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यालासुद्धा नवरा-नवरी अशी वागणूक देत नाहीत, असंही म्हणालो.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही होतात, सर."

"कुठे?"

"इथे. उद्या दाखवते. आज नको."

टोमणा असणार.

१६ ऑक्टोबर

टोमणा नव्हता.

ताईच्या दुकानात, गिऱ्हाइकं गेल्यावर, ह्योनजूने लॅपटॉप लावला. गिलसूकाका माझ्या शेजारी बसले. ताई आत भांडी घासत होती, पण नळ बंद होता.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्या मी म्हणेन की असं नव्हतंच.

म्हातारी मंडळी रांगेत बसलीत. काका मध्ये, नवे कपडे, समोर फळांच्या राशी. सेबोम वाकून नमस्कार करतेय. तेवढ्यात दारात मी. मी वाकतो, चपला जोडीने लावतो, एक पुन्हा सरळ करतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मी घेतलेली नाही."

लॅपटॉपसमोर बसून मला वाटलं, हा माणूस गिलसूकाकांची नक्कल करतोय, आणि ती बरी करत नाहीये. मग उलगडलं.

पडद्यावरचा मी पुढे येतो. म्हातारे एकमेकांकडे बघतात. ह्योनजूचा हात क्षणभर कॅमेऱ्यासमोर येतो, ती बंद करणार आहे. आणि काका, साठीचा उत्सवमूर्ती, आपल्या जागेवरून उठतात, माझा दंड धरतात आणि मंडळींना म्हणतात, "हा माझा मुलगा. सोलहून आलाय. लांबचा प्रवास, थकलाय बिचारा." मंडळी माना डोलावतात. त्यांना वाटलं हे असंच लिहिलेलं आहे.

काका मला शेजारी बसवतात. कोणीतरी बाटली पुढे करतं, ताईने भरलेलं पाणीच, आणि आम्ही दोघं एकाच वेळी आपापल्या पेल्यावर तळहात ठेवतो. सारखेच हसतो. आधी कोणी हसलं ते सांगता येत नाही.

मग ताई चौकटीत येते. ती सिनेमात नाहीये, एप्रन बांधलेला आहे. ती माझ्यासमोर सुपाची वाटी ठेवते आणि उभी राहते.

मी वाटीकडे बघतो. मग काकांकडे बघून म्हणतो, "बाबा, मला उशीर झाला."

काका म्हणतात, "आलास ना. जेव."

आणि मी जेवतो. बराच वेळ नुसतं माझं जेवणं आहे. सूप हनुवटीवरून ओघळतंय. एक आजीबाई मला रुमाल देते.

ह्योनजूने लॅपटॉप मिटला. म्हणाली, "ठेवायचं की पुसायचं ते तुम्ही ठरवा. पण सकाळी ठरवा."

मला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. माझ्या सिनेमातला सगळ्यात चांगला अभिनय माझा आणि तो मलाच आठवत नाही, असं काहीतरी. आतला नळ पुन्हा सुरू झाला.

१७ ऑक्टोबर

सकाळ आहे. अक्षर वाचवत नाही, पण ठरवलंय ते लिहितो: पुसायचं नाही.

काकांना गाठलं. ते धक्क्यावर सुकत घातलेली म्हाकुळं बघत उभे होते.

"काका, तुम्ही बाबांचं काम करत होतात की माझं?"

"तुझ्या बाबांना मी पाहिलं नव्हतं. समोर होता त्याचं केलं." मग म्हणाले, "आणि थोडं माझं. मालिकांत मी दारुडे करायचो तेव्हा मेकअप लागायचा नाही. माझ्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, त्यात मी नाही. मला बोलावलंच नव्हतं. बरोबर केलं तिने."

मी म्हटलं, सोडली कशी?

"सोडली नाही. रोज सकाळी आज नको म्हणतो. गुरुवारी कांगनुंगला जातो, चर्चच्या तळघरात आपल्यासारख्या पिणाऱ्यांची बैठक असते. प्रार्थना नसते. खुर्च्या मांडायच्या, बसायचं, कोणीतरी बोलतं. गाडीत जागा आहे."

"मी तिथे काय बोलू?"

"पहिल्यांदा कोणीच चांगलं बोलत नाही. तू दिग्दर्शक, तू तर फार वाईट बोलशील."

१९ ऑक्टोबर

गुरुवार. गेलो. काका म्हणाले त्याहून वाईट बोललो. नाव सांगितलं, एक विनोद केला. कोणी हसलं नाही आणि कोणाला रागही आला नाही. असे प्रेक्षक मला आजवर मिळाले नव्हते. परवा घेतली होती. आज घेतलेली नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की लिहितानाही खोटं वाटतं, पण आज घेतलेली नाही.

परत आल्यावर ताईच्या दुकानात जाऊन भांडी घासायला उभा राहिलो. तिने जागा करून दिली. मी म्हटलं, "ताई, शेवटचा प्रसंग चुकलाय. त्या दिवशी काय झालं ते सांग. मुलीची वाक्यं मी लिहीत नाही, तू सांग."

बराच वेळ ती वाट्या विसळत होती.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "दुपार होती. त्यांनी विचारलं, तेसोक आला का? सकाळपासून विचारत होते. मी म्हटलं, आलाय. खाली बंदरावर गाडी लावलीय, पायऱ्या चढतोय."

"माझ्याकडे गाडी कधीच नव्हती."

"माहीत आहे. त्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, गाडी घेतली का पोराने." ताईने हात पुसले. "मग म्हणाले, पायऱ्या फार आहेत. सावकाश ये म्हणावं."

"मग?"

"मग काय. मी दाराकडे बघत बसले. माझंच खोटं, पण मीही बघत बसले. वळून पाहिलं तोवर ते गेले होते."

मी वाटी घासत राहिलो. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. ताईने ती माझ्या हातातून काढून घेतली.

२१ ऑक्टोबर

शेवटचा दिवस. तोच प्रसंग, बाबांच्या खोलीत. मुलाचं पात्र काढून टाकलं. ते करणाऱ्या नटाला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, बरं झालं, त्याला ते पात्र खरं वाटतच नव्हतं.

समुद्रावरून जोराचा वारा होता आणि खोलीचं जुनं दार वाजत होतं. साउंडवाला म्हणाला, असं नाही चालणार, कोणीतरी बाहेरून घट्ट धरून उभं राहायला हवं. ह्योनजू कॅमेऱ्यावर, बाकीचे दिव्यांवर, ताई सेबोमला वाक्यं सांगायला आत. सगळ्या युनिटमध्ये रिकामा माणूस एकच निघाला. तर मी दाराबाहेर, कडी दोन्ही हातांनी धरून, आणि माझा सिनेमा आत.

आतलं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. काकांचा श्वास. मग त्यांचा आवाज, "पोरगा आला का?"

सेबोम म्हणाली, "आलाय. खाली बंदरावर गाडी लावलीय. पायऱ्या चढतोय."

"गाडी घेतली का पोराने," काका म्हणाले. त्यात इतका आनंद होता की मी कपाळ दाराला टेकलं. "पायऱ्या फार आहेत. सावकाश ये म्हणावं."

त्यानंतर काही नाही. संहितेतही काही नव्हतं. मुलगी दाराकडे बघते, कॅमेरा दाराकडे बघतो. माझ्या बाजूला वारा आणि खाली बंदरावर एक होडी लागत होती.

आता कट म्हणायचं. ते माझंच काम. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. आत सगळे थांबून राहिले, दिग्दर्शकाच्या शब्दाशिवाय ह्योनजू कॅमेरा बंद करत नाही. मी कडी धरून उभा होतो. किती वेळ, ते फिल्म पाहिल्यावरच कळेल.

मग आतून कोणीतरी दार ओढलं. मी उलट आणखी घट्ट धरलं.

"सोड," ताईचा आवाज आला.

मी सोडलं. ताई दारात उभी होती. तिच्या मागे खोलीतले सगळे हलायचे थांबले होते. काका अजून अंथरुणावर, डोळे मिटलेले. तिने माझ्याकडे पाहिलं. अंत्यविधीनंतर असं पहिल्यांदाच.

"झालं," ती म्हणाली. "ये आत."